गोदाबाईने घासलेल्या सोळा प्लेटा

कडाव गावात लग्न ठरलं की हॉलच्या तारखेआधी लोक गोदाबाईची तारीख विचारतात. आचारी कोणीही चालतो, बँजोवाला कोणीही चालतो, पण भांड्यांवर गोदाबाईच पाहिजे. दुपारची शेवटची पंगत उठली की ती पदर खोचते, बादलीभर राख आणि भिजवलेल्या चिंचेचा गोळा घेऊन मांडवामागे बसते, आणि दिवेलागणीला भाड्याने भांडी देणाऱ्याला स्वतःचीच भांडी ओळखू येत नाहीत. एकदा तर घासता घासता एका पितळी टोपाच्या काठावरून कोंडाण्याच्या भजनी मंडळाचं नाव वर आलं. सात वर्षांपूर्वी हरवलेला त्यांचा टोप असा सापडला. भांडीवाला म्हणाला, मला काय ठाऊक! आणि खरंच, त्या काजळीखाली नाव असेल हे कोणाला ठाऊक असणार होतं?

गोदाबाई छप्पन्न वर्षांची. चण लहानशी, बोलणं मोठं, आणि तळहात असे की गरम चहाचा टोप फडक्याशिवाय उचलावा. नवरा लवकर गेला. मुलगा किशोर पेंढ्याचा टेंपो चालवतो, सून वनिता घर आणि दोन म्हशी सांभाळते. घरातली फडताळं बघितली तर डोळे दिपावेत. स्टीलचा डबा आरशासारखा, तांब्याचा बंब नव्या नवरीसारखा. काळीकुट्ट म्हणावी अशी वस्तू घरात एकच, ती म्हणजे बिडाचा तवा. तो तिच्या सासूचा. त्यावरची घावनं कागदासारखी सुटून येतात. वनिता नवीन होती तेव्हा सासूला खूश करायला म्हणून तिने तो तवा तारेच्या चोथ्याने घासून पांढराफटक केला होता. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. गोदाबाई आठ दिवस सुनेशी बोलली नाही, आणि तिच्यासारख्या बाईला आठ दिवस न बोलणं म्हणजे उपासापेक्षा कडक. तवा पुन्हा वळणावर यायला पावसाळा गेला.

ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण गोदाबाईच्या ती ऐन वेळी ध्यानात राहिली नाही.

बावीस वर्षं ती खालापूरकडच्या एका कागद गिरणीत कामाला आहे. कडावहून कर्जतपर्यंत रिक्षा, पुढे खोपोलीच्या बाजूची एसटी. काम प्रयोगशाळेतलं, म्हणजे काचेची भांडी धुणं, फरशी पुसणं आणि चहा. तिथल्या काचेच्या नळ्या ती अशा धुते की एकदा एका साहेबांनी रिकामी नळी समजून भरलेली उलटी केली होती. पाणी नुसतं दिसलंच नाही म्हणे. हे गोदाबाई सांगते, त्यामुळे त्यातलं निम्मं सोडून द्या.

त्या गिरणीत भाताचा पेंढा शिजवून लगदा करतात. मोठ्या बंद हंड्यात पेंढा, कॉस्टिक सोड्याचं पाणी आणि वाफ. पेंढा शिजला की तंतू एका बाजूला जातो, त्याचा कागद. दुसऱ्या बाजूला उरतं ते काळं पाणी. साहेबलोक त्याला ब्लॅक लिकर म्हणतात. घट्ट काढ्यासारखा रंग आणि उकडलेल्या गवताचा कुबट वास. पेंढ्याची काडी ताठ ठेवणारा चिकट भाग त्यात उतरलेला असतो आणि वापरलेलं कॉस्टिकही त्यातच अडकलेलं असतं. लाकूड शिजवणाऱ्या मोठ्या गिरण्या ते पाणी आटवून जाळतात आणि कॉस्टिक परत मिळवतात. भाताच्या पेंढ्यात मात्र बारीक वाळूचा अंश फार, तो बॉयलरला काचेसारखा चिकटून बसतो. त्यामुळे लहान गिरणीला हे पाणी म्हणजे अवघड जागचं दुखणं. साफ करून सोडायचं तर जीव जातो, आणि तसंच सोडायचं तर खालच्या ओढ्याचा जीव जातो.

धाकटे शेठ विपुलभाई यांनी तर ठरवूनच टाकलं होतं की पेंढा शिजवणं बंद करायचं आणि रद्दीपासून पुठ्ठा करायचा. मग शिजवणारी माणसं घरी, आणि किशोरचा टेंपो दारात.

अशा वेळी सुरभी आली. पंचविशी-सव्विशीची पोरगी, आईवडील नेरळला, शिक्षण मुंबईत. अंगाने काडी, केस नेहमी पेन खोचून बांधलेले. तिने शेठना सांगितलं की हे पाणी जाळायचं नाही, त्यात वीज सोडायची. गोदामाच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिने एक मशीन बसवलं. हौदासारखी लांबट पेटी, मधोमध पातळ पडदे, आणि निकेलच्या सोळा प्लेटा. एका बाजूने काळं पाणी फिरतं. वीज सोडली की त्यातलं सोडियम पडद्यातून पलीकडे सरकतं आणि तिथे ताजं कॉस्टिक तयार होतं, ते पुन्हा पेंढा शिजवायला चालतं. अलीकडच्या बाजूला तो चिकट भाग तुटतो, फुटतो, आणि त्यातला थोडासा व्हॅनिलिन होतो. आइस्क्रीमला ज्याचा वास असतो ते. सुरभी ते पाणी आंबट करून, गाळून, धुऊन, शेवटी चिमूटभर पिवळसर पावडर काढायची.

गोदाबाईने पहिल्यांदा त्या चिमटीचा वास घेतला तेव्हा तिने गालालाच हात लावला.

"बाय, ह्यो वास त्या घानीतून आला? पेंढ्यातून?"

"हो मावशी, तुमच्या कडावच्या पेंढ्यातून."

"आमी त्यो ढोरांना घालतो गं!"

त्या दिवसापासून सुरभी गोदाबाईची झाली. तिचा डबा बघणं, चार वाजता चहाबरोबर काहीतरी तोंडात टाकायला देणं, 'वाळलीस' म्हणून ओरडणं, हे सगळं गोदाबाईने आपणहून अंगावर घेतलं. आपल्याला मुलगी नाही ही गोष्ट तिला बावीस वर्षांत जितकी बोचली नव्हती तितकी त्या तीन महिन्यांत बोचली. असं ती कोणाला म्हणाली नाही, पण मला माहीत आहे.

विपुलशेठनी सुरभीला दिवाळीपर्यंतची मुदत दिली. कॉस्टिक परत येतं ते चांगलंच, पण मशीन वीज खातं, तेव्हा त्याचं पोट त्या पावडरीने भरलं पाहिजे. वसुबारसेला मी येईन, तेव्हा पावडर दाखवा आणि मशीन चालताना दाखवा. नाहीतर शेड रिकामी करा, असं त्यांनी रोखठोक सांगितलं. तीन महिने झाले होते आणि पावडर दर आठवड्याला वाढत होती. प्लेटा आधी चांदीसारख्या होत्या, त्यांच्यावर हळूहळू काळा थर धरला होता, आणि जसजसा थर धरला तसतसं काम सुधारलं. ती सारी करामत त्या काळ्या थराचीच होती. निकेल आणि कॉस्टिक यांच्या संगतीने, विजेच्या येण्याजाण्याने तो तयार होतो. चांदीसारख्या कोऱ्या प्लेटेवर नुसते बुडबुडे येतात.

नवरात्राच्या आधी सुरभीने शेडमधल्या सगळ्यांची मीटिंग घेतली. दसऱ्याची दोन दिवस सुट्टी, मशीन बंद ठेवायचं, पडदे तपासायला प्लेटा बाहेर काढून पाण्याच्या टाकीत उभ्या ठेवायच्या. "आणि एक गोष्ट," ती म्हणाली, "प्लेटांना कोणीही हात लावायचा नाही. पुसायचं नाही, खरवडायचं नाही." मशीन चालवणाऱ्या कळंबच्या सदूने मान डोलावली. बाकीच्या तिघांनी मान डोलावली. गोदाबाई त्याच मीटिंगमध्ये होती. तिने चहा दिला, रिकामे कप गोळा केले, आणि सदू म्हणाला, "गोदाबाय, कप घेऊन जा, धुवून टाक." ती कप धुवायला गेली आणि मागे सुरभी ते वाक्य बोलली.

खंडेनवमी आली. गिरणीत त्या दिवशी यंत्रांची पूजा. फिटर लोक पाने आणि हातोडे पुसतात, ड्रायव्हर लोक टेंपो धुतात, कागदाच्या मोठ्या यंत्राला झेंडूचे हार चढतात. सुरभी सकाळीच नेरळला गेली होती. गोदाबाई फडकं घेऊन शेडमध्ये शिरली आणि टाकीतल्या सोळा काळ्या प्लेटा बघून जागीच थांबली. सगळी गिरणी आज अंघोळ करून नटली, आणि माझ्या पोरीचं मशीनच तेवढं पारोसं?

मग काय. हातात रबरी मोजे चढवून तिने प्लेटा एकेक करून बाहेर घेतल्या, चिंच आणि राख लावली आणि घासल्या. दुपारभर घासल्या. काळं सहजासहजी सुटत नव्हतं, त्यामुळे तिला उलट चेव आला. संध्याकाळी सोळाच्या सोळा प्लेटा अशा झाल्या की तिने त्यात बघून कुंकू सारखं केलं. प्रत्येकीला हळदीकुंकवाचं बोट लावलं, टाकीच्या काठाला झेंडूचा हार सोडला, नारळ फोडला आणि मशीनला हात जोडून म्हणाली, "माझ्या बायला यश दे."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गोदाबाई नवी जांभळी साडी नेसून शेडच्या दाराशी उभी होती. सुरभी आली, हसली, आत गेली. गोदाबाई शाबासकीची वाट बघत पदर सारखा करत होती. आतून काहीच आवाज आला नाही. तिने डोकावलं तर सुरभी टाकीपाशी खाली फरशीवर बसलेली.

"मावशी, हे कोणी केलं?"

"कोन करनार? मीच की! सांग बघू, कशा दिसतात?"

 सुरभीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडायला लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं. गोदाबाईला ओरडणारी माणसं सांभाळता येतात, पण हे असं रडणं तिला झेपेना. तेवढ्यात सदू आला, त्याने प्लेटा बघितल्या आणि कपाळावर हात मारला.

"गोदाबाय, काय केलंस गं हे! सगळ्यांना सांगितलं व्हतं ना मिटिंगमधी? त्या काळ्यावरच मशीन चालतं!"

"मला कोनी सांगितलं?" गोदाबाई म्हणाली. "मी त्या वखताला कप धूत व्हते."

 सुरभीने डोळे पुसून वर बघितलं, पण गोदाबाई तोपर्यंत निघून गेली होती.

मशीन चालू केलं तेव्हा कॉस्टिक येत राहिलं, पण पावडरीच्या बाजूला नुसते बुडबुडे. वसुबारसेला सोळा दिवस उरले होते. थर पुन्हा धरायला हवा होता आणि तीन महिन्यांचं काम सोळा दिवसांत व्हायला हवं होतं. सुरभी माणूसच, तिने घाई केली. स्वच्छ कॉस्टिकमध्ये प्लेटा उभ्या केल्या आणि जोराने वीज सोडली. दोन दिवसांत प्लेटा काळ्या झाल्या, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तिसऱ्या दिवशी तो थर खपल्या निघाव्यात तसा सुटून तळाला बसला. पुन्हा केलं, पुन्हा खपल्या. सुरभीने जेवण सोडलं. गोदाबाई तिच्यासमोर डबा ठेवायची आणि तसाच भरलेला परत न्यायची. पोरीचं मशीन गेलं तर ती जाणार, शेड जाणार, पेंढा शिजणं बंद होणार, आणि हे सगळं आपल्या या दोन हातांनी केलं. हात फिरे तिथे लक्ष्मी फिरे म्हणतात. गोदाबाईला वाटलं, आपला हात फिरला आणि लक्ष्मी दाराबाहेर गेली.

घरी तर वनिता घाबरूनच गेली. सासू जेवली आणि खरकटं ताट तसंच सोडून ओटीवर जाऊन बसली, हे या घरात कधी घडलंच नव्हतं.

रविवारी सकाळी वनिताने सासूचं तोंड तरी उघडावं म्हणून घावनं घातली. तवा चुलीवर चढवला, कांद्याची अर्धी फोड तेलात बुडवून फिरवली, पीठ सोडलं. घावन जाळीदार झालं आणि अलगद सुटून आलं. गोदाबाई बघत बसली होती.

"आई, घ्या ना," वनिता म्हणाली. "तुमी तर असं तोंड केलंय, मी तवा घासला व्हता तवापन एवढं नव्हतं केलं."

गोदाबाईचा हात ताटाकडे निघाला होता तो मधेच थांबला. तिने तव्याकडे बघितलं. मग सुनेकडे बघितलं. मग पुन्हा तव्याकडे.

"अगो माझे बाय!" ती म्हणाली. "मी तवाच घासला की गं!"

"कुठला? ह्यो तर काळाच हाय."

"ह्यो नाय. त्यो!"

वनिताला काही कळलं नाही. गोदाबाई मात्र त्या दिवशी पाच घावनं जेवली.

सोमवारी एसटीत तिच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत तो तवा होता. कंडक्टरने विचारलंही, मावशी, हाटेल काढताय का? शेडमध्ये सुरभी तिसऱ्यांदा वीज सोडायच्या तयारीत होती. गोदाबाईने तवा काढून तिच्या वहीवर ठेवला.

"बाय, जरा हात लाव."

सुरभी दमलेली होती, पण तिने बोट फिरवलं. तवा गुळगुळीत, काचेसारखा.

"ह्यो माज्या सासूचा. वनितानं एकदा पांढरा केला व्हता. पुन्यांदा धरायला मी काय केलं सांगू? पयल्या दिवशी मलापन घाई व्हती. खूप तेल, मोठा जाळ. सगळा पापुद्रा निघाला, घावनाला चिकटून पोटात गेला. मग माजी नणंद म्हनाली, अगं, तवा दमानं घे. बारीक जाळ, तेलाचं नुसतं बोट, तापला की उतरव. गार होऊ दे. परत चढव. दिवसातून दहादा कर, पन दरवेळी थोडंच कर. एकावर एक बसत जातं बघ. मोठ्या जाळानं जाड बसतं, पन ते बसत नाय, नुसतं टेकतं."

सुरभी तव्याकडे बघत राहिली. थोडी वीज, मग उलट्या दिशेने, मग विसावा, मग पुन्हा. असं करतात हे तिने वाचलेलं होतं, तीन महिन्यांपूर्वी मशीनने जवळजवळ तसंच आपसूक केलं होतं. पण मुदत मानेवर बसली की शिकलेलंही माणूस मोठा जाळ करतं.

"मावशी," ती म्हणाली, "खुर्ची घ्या आणि पुन्हा सांगा. सावकाश."

"खुर्ची कशाला? उभी हाय की."

"बसा हो."

गोदाबाई बसली. बावीस वर्षांत गिरणीतली प्रत्येक खुर्ची तिने पुसली होती, पण बसायची ती पहिली वेळ. फार मऊ नाही म्हणे.

त्या दिवसापासून प्लेटांना दमानं घेणं सुरू झालं. थोडा वेळ हलकी वीज, थोडा वेळ उलटी, आणि मग विसावा. दिवसा घड्याळ गोदाबाईकडे आणि खटका सदूच्या हाताखालच्या माणसाकडे. रात्रपाळीला सदू स्वतः. "झाला का वखत?" "नाय अजून. दमानं." आणि या सगळ्यात गोदाबाईचं काम एकच, प्लेटांना कोणाला हात लावू द्यायचा नाही. ती टाकीपुढे स्टूल टाकून बसायची. एकदा एका फिटरने काठावर तेलकट फडकं ठेवलं, तर तिने त्याला असा झापला की तो बिचारा आठवडाभर शेडच्या बाजूला फिरकला नाही.

पण खरं सांगायचं तर सगळ्यांत अवघड राखण तिला स्वतःच्या हातांची करावी लागली. दिवसभर ते काळं समोर बघायचं आणि हात मांडीवर दाबून धरायचे. तिसऱ्या दिवशी प्लेटा धुरकट झाल्या, सहाव्या दिवशी करड्या. तिचे हात शिवशिवायचे. मग ती उठायची, बाहेर जायची, मोरीतली एखादी बादली आतून-बाहेरून घासायची आणि परत येऊन बसायची. त्या दिवसांत गिरणीतल्या बादल्या जितक्या चमकल्या तितक्या आधी कधी चमकल्या नव्हत्या.

आठव्या दिवशी प्लेटा पुऱ्या काळ्या झाल्या. थर खरवडून बघायची सुरभीला हिंमत होईना. काळं पाणी सोडलं, दोन दिवस मशीन चाललं, आणि सुरभीने पाणी आंबट करून, गाळून बाटली गोदाबाईच्या नाकाशी नेली. गोदाबाईने डोळे मिटून वास घेतला.

"आला," ती म्हणाली. सुरभीने तिला मिठी मारली. पोरगी तिच्या खांद्याला लागून रडली, आणि या वेळचं रडणं गोदाबाईला छान झेपलं.

वसुबारसेला विपुलशेठ आले. पांढरा शर्ट, हातात पांढरा रुमाल, सोबत दोन पाहुणे. सुरभीने कॉस्टिक दाखवलं, पावडरीची बाटली दाखवली. बाटली अर्धीच भरली होती.

"तुम्ही म्हणाला होता पूर्ण भरेल," शेठ म्हणाले.

गोदाबाई कोपऱ्यात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे टेबलावर ठेवला. आता नाव येणार. यावंच, ती मनात म्हणाली, माझंच काम ते.

"मधे प्लेटा घासल्या गेल्या," सुरभी म्हणाली. "चूक माझी आहे. त्यांची निगा ज्या राखतात त्यांनाच मी सांगितलं नव्हतं."

शेठना त्यातलं फारसं कळलं नाही. सुरभीने एक प्लेट उचलून त्यांना दाखवायला धरली. काळीभोर, पाणी निथळणारी. शेठनी नाक मुरडलं.

"इतकी घाण? आता पाहुणे बघणार, जरा पुसायची तरी!" आणि त्यांनी रुमाल पुढे केला.

पुढचं कसं घडलं ते गोदाबाईला अजून नीट सांगता येत नाही. रुमाल प्लेटेपासून चार बोटांवर असताना तिने गिरणीच्या मालकाचं मनगट धरलं होतं.

"शेठ, हात लावायचा नाय!"

सदूने डोळे मिटून घेतले. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. शेठ आपल्या मनगटाकडे बघत राहिले, कारण ती पकड काही साधी नव्हती, ती अख्ख्या कडावच्या लग्नांतल्या टोपांची पकड होती. गोदाबाईच्या लक्षात आलं तसं तिने मनगट सोडलं, पण ती मागे सरली नाही.

"ती घान नाय, शेठ. ती कमाई हाय. बिडाच्या तव्यावर धरते तशी. ते काळं हाय म्हनून वास येतोय. मी ते एकदा घासलंय. परत कोनाला घासू देनार नाय."

 मग विपुलशेठनी रुमाल घडी करून खिशात ठेवला.

"माझी आई पण तिच्या तवीला साबण लावू देत नाही," ते म्हणाले. "एकदा बायकोने लावला होता. मी दोन दिवस ऑफिसातच जेवलो."

सगळ्यांत आधी हसला तो सदू. शेठनी पावडरीचा वास घेतला, पाहुण्यांना दिला, कॉस्टिक आज पेंढा शिजवायला वापरून दाखवा म्हणाले. संध्याकाळी त्या कॉस्टिकवर हंडा शिजला आणि लगदा नेहमीसारखा उतरला. जाताना ते सुरभीला म्हणाले, शेड राहू दे, दिवाळीनंतर मोठ्या मशीनचं बोलू. किशोरचा टेंपो आजही पेंढा आणतो.

दिवाळीनंतर पहिल्या सोमवारी मोठ्या मशीनची मीटिंग भरली. गोदाबाईने नेहमीसारखा चहा दिला, कप रिकामे व्हायची वाट बघत दाराशी थांबली, मग गोळा करून ट्रे उचलला.

"मावशी," सुरभी म्हणाली. तिच्या शेजारची खुर्ची तिने बाहेर ओढली होती. "कप राहू देत. आधी तुम्ही ऐका, मग मी बाकीच्यांना सांगते."

गोदाबाईने सदूकडे बघितलं. सदू कप धुवून टाक म्हणाला नाही, उलट स्वतःची खुर्ची सरकवून त्याने तिला वाट करून दिली. तिने ट्रे टेबलावर ठेवला, पदर सारखा केला आणि बसली. मीटिंग दुपारपर्यंत चालली आणि तिने तीनदा प्रश्न विचारले, त्यातला एक तर सुरभीलाही सुचला नव्हता.

त्या दिवशी तळाला चहाचे डाग वाळलेले सहा कप संध्याकाळपर्यंत टेबलावर तसेच पडून होते, आणि गोदाबाईचं एकदाही तिकडे लक्ष गेलं नाही.